तेवीस वावरं, एक कागद

मामा,

तुमच्या तीन कार्डांचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. तिन्ही कार्डं आत्ता माझ्यापुढे पडली आहेत. तिन्हींत प्रश्न एकच: 'तेवीस वावरांचे काय झाले?' पहिल्यात वरती 'राग धरू नको' आहे, दुसऱ्यात 'मामी आठवण काढते' आहे, आणि तिसऱ्यात तर 'जयभीम. तेवीसचे कळव.' एवढंच. पोस्टातून एक कार्ड घ्यायचं, चार ओळी खरडायच्या, पेटीत टाकायचं. एवढंसं काम, पण नऊ महिन्यांत मला ते जमलं नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही गेलात, आणि आता मंगरूळपीरच्या तुमच्या घरात, तुमच्याच चौरंगावर वही ठेवून मी उत्तर लिहायला बसले आहे. मला लाज वाटते, मामा. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

चार दिवसांपासून माणसं येऊन सांगताहेत, किसनराव देवमाणूस होते. डोंबलाचे देवमाणूस! तुमच्याइतका हट्टी आणि टोचून बोलणारा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. भाजीत मीठ जास्त पडलं तर सरळ सांगायचं नाही, 'आज मीठ सस्तं झालं वाटते' म्हणायचं. माझे गणितात पंच्याण्णव आले तर 'पाच कुठं सांडले वं?' विचारायचं. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, म्हणून मायनं मला तुमच्याकडे ठेवलं. पाचवीपासून अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत सात वर्षं मी ही टोचणी सोसली आहे, त्यामुळे मला कुणी देवमाणूस वगैरे शिकवू नये. काल मी हे मामीला म्हटलं, तर ती रडता रडता हसली.

तुम्ही सर्वेअर. लोकांची शेतं-वावरं मोजायची, त्यांचे धुरे-बांध कुठून कुठे जातात ते कागदावर काढायचं, कोपऱ्यात हद्दीचे दगड रोवायचे, असं तुमचं आयुष्यभराचं काम. बाकीचे सर्वेअर बाभळीखाली बसून साखळी ओढणाऱ्यांना हाका मारायचे. तुम्ही प्रत्येक धुरा स्वतः चालायचात. 'पाय लागल्याबिगर रेघ काढाची नाही,' हा तुमचा एक नियम. दुसरा नियम मला तेव्हा चक्रमपणाच वाटायचा: एका कागदावर दहाच्या वर वावरं घ्यायची नाहीत. अकरावं आलं की नवा कागद. सरकारी कागदाची टंचाई, वरून साहेब ओरडायचे, पण तुम्ही ऐकायचा नाहीत.

त्याचं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलं, मी नववीत असताना. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कागद वाचवायला म्हणून तुम्ही एकाच तावावर सोळा वावरं घेतली होती. सगळे धुरे चाललात, मापं बरोबर घेतली, आणि तरी नकाशा काढताना अकराव्याचा धुरा बाराव्याला लागला. एका विधवा बाईची विहिरीकडची पट्टी दिराच्या नावावर गेली. दोन महिन्यांनी तुमच्या ध्यानात आलं. साहेब म्हणाले, 'आता गप बस, कोण पाहायला येतंय?' तुम्ही पायी त्या गावी गेलात, चावडीसमोर सगळ्यांना बोलावलंत आणि म्हणालात, 'चूक माही हाय. दगड म्याच चुकीचा लावला, म्याच उपटतो.' नोकरी जाता जाता वाचली. 'म्या काही येडा नव्हतो वं,' तुम्ही मला म्हणालात, 'पन मानसाच्या डोक्यात दहाच्या वर वावरं मावतच नाहीत. जास्तीचे एकमेकाच्या आंगावर पडतात.' मी तेव्हा हो हो केलं आणि विसरले. शिकलेल्या पोरी फार लवकर विसरतात.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. तुम्हाला ती ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूनं ती तुम्ही कधी ऐकली नाहीत.

नागपूरच्या कचेरीत मला कॉम्प्युटरच्या प्रोग्रामचं काम मिळून तीन वर्षं झाली होती. मशीन दुसऱ्याच कचेरीचं, आम्हाला आठवड्यातून एकदा तासभर मिळायचं. कार्डांना भोकं पाडून गठ्ठा घेऊन जायचं, आणि एक अल्पविराम चुकला तर तो आठवडा वाया. म्हणून सगळं आधी कागदावर तपासायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर खेडोपाडी बोअर घेणं सुरूच होतं, आणि कोणत्या गावाला आधी, कोणत्याला मागून, याची यादी मशीननं काढायची होती. हा प्रोग्राम माझ्याकडे आला. मी काय फुगले होते म्हणून सांगू! आमच्यात तेव्हा असं होतं की ज्याचा प्रोग्राम जास्त गुंतागुंतीचा तो जास्त हुशार. दुसऱ्याला कळला नाही म्हणजे तर शाबासकीच.

चार दिवसांची रजा घेऊन मी आले ती त्याचा आराखडा बगलेत मारूनच. चार मोठे कागद डिंकानं जोडलेले. दुपारी उन्हाची झळ लागत होती, मामीनं सडा मारून ओसरी गार केली होती, तिथे मी तो पसरला आणि चार कोपऱ्यांवर तुरीच्या डाळीच्या पुड्या ठेवल्या. तुम्ही निवृत्त होऊन वर्षच झालेलं. हातात काही नाही म्हणून माशा मारत बसला होता. कागद दिसला तसे सरसावलात.

"हे काय होय वं?"

"प्रोग्राम आहे मामा. मशीननं काय करायचं ते."

"सांग मंग. उलसक समजून सांगजो, म्या सातवी पास हावो."

मी सांगितलं. एकेका गावाचं एक कार्ड. मशीन कार्ड वाचतं आणि प्रश्न विचारतं. विहीर आहे का? आटते का? पाणी मैलाच्या आत आहे का? प्रश्न आला की वाट फुटते, 'हो' इकडे, 'नाही' तिकडे, आणि पुढे कुठंतरी दोन्ही वाटा पुन्हा एक होतात. शेवटी त्या गावाचा यादीतला नंबर ठरतो.

तुम्ही चष्मा लावून बराच वेळ कागदाभोवती फिरलात. मग आत जाऊन लाल-निळी पेन्सिल आणलीत, आणि दोन वाटांच्या मधे कोंडलेल्या एकेका जागेत आकडा लिहीत चाललात. मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय तर जाऊ दे.

"तेवीस," तुम्ही म्हणालात.

"काय तेवीस?"

"वावरं. एका कागदावर तेवीस वावरं! बाप्पा! पोरी, तू माह्या हाताखाली असती तं पयल्याच दिवशी घरी धाडली असती."

मी हसले. एक प्रश्न म्हणजे एक वावर, हे मला लगेच कळलं होतं. म्हटलं, "मग प्रश्नच मोजा ना मामा, वावरं कशाला?"

"प्रश्न मोजले तं किती ते समजते. वावरं पाह्यले तं गुंता कुठं हाय ते दिसते." आणि तुमचं बोट एका लांब बाणावर आलं. "हा धुरा त्या धुऱ्याले तोडून कुठं चालला?"

"ती उडी आहे. इथून सरळ तिकडे जायचं, मधलं सोडून."

"मंधात दगड?"

"लागत नाही."

"लागत नाही म्हंते! धुरा धुऱ्याले तोडते अन् तिथं दगड नाही, असं वावर मले दुनियेत दाखव." असे पाच बाण निघाले. पाचही ठिकाणी तुम्ही लाल फुली मारलीत. मग निळ्या पेन्सिलीनं वावरांच्या चार जोड्यांना गोल केलेत. "हे अन् हे एकच हाय. हे अन् हे बी. तोच प्रश्न तू दोनदा इचारून राह्यली."

माझी सटकायला लागली होती. मी म्हटलं, "मामा, हे मशीन वाचणार आहे. माणसाला वाचायचं नाहीये ते."

"अन् चुकलं तं दुरुस्त कोन करन? मशीन?"

मामी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "या दोघाइले काही धंदे नाहीत." तुम्ही बशीत चहा ओतला, भुरके मारलेत, आणि पुडीतून तुरीचा एक दाणा काढून कागदाच्या वरच्या टोकाला ठेवलात. "हा दाना म्हंजे एक गाव. आता मले चालव. पाय लागल्याबिगर म्या मानत नाही."

पहिल्यांदा बिनविहिरीचं गाव चालवलं. नीट गेलं. मग आटणाऱ्या विहिरीचं. तेही गेलं. तिसऱ्यांदा तुम्ही दाणा वर ठेवलात आणि म्हणालात, "आता आपलं गाव."

आपलं गाव, म्हणजे माझ्या मायचं, मेडशीला एसटीतून उतरून दीड कोस. गावात विहीर आहे? आहे. आटते? नाही, बारमाही आहे. दाणा सरळ खाली घरंगळला, शेवटच्या चौकटीत. 'गरज नाही.'

तुम्ही बोट नेऊन सतराव्या वावरावर ठेवलंत. तिथे माझ्याच अक्षरात प्रश्न होता: वस्तीला वेगळी विहीर आहे का? "ह्या वावरात जायले आपल्या गावाले रस्ता कुठून हाय?"

मी शोधला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. रस्ता नव्हता. ज्या गावात विहीर नाही किंवा आटते, तेच गाव त्या प्रश्नाशी पोचत होतं. गावात भरली विहीर आहे पण वस्तीनं तिला हात लावायचा नाही, अशा गावाला तो प्रश्न मी विचारतच नव्हते. माय नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं घागर भरायची. मी शेजारी बसून माशा हाकलायची. आणि प्रोग्राम कुणी लिहिला? कुणा पुण्यामुंबईच्या साहेबानं नाही. मी लिहिला. तेवीस वावरांच्या गर्दीत माझ्याच मायची घागर मला दिसली नाही.

आणि मग मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी ओरडले. "सातवी पास माणसानं मला शिकवायचं काम नाही! तुम्ही आपली वावरं मोजा!"

मामी दारात थबकली. तुम्ही तो दाणा उचललात, पुडीत टाकलात, पुडी बांधलीत आणि म्हणालात, "बरं." एवढंच. तुम्ही उलटून काही बोलला असतात, माझ्या कानाखाली काढली असतीत तर मी वाचले असते. सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले. कागद मी मुद्दामच ओसरीवर टाकून आले होते. तुम्ही त्याची नीट गुंडाळी करून, सुतळी बांधून स्टँडवर आलात आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलीत. मी दुसरीकडे पाहत राहिले. गाडी हलेपर्यंत तुम्ही उन्हात उभे होता, हे मला पलीकडच्या खिडकीच्या काचेत दिसत होतं.

आता तेवीसचं काय झालं ते सांगते.

नागपूरला जाऊन मी गुंडाळी सोडली आणि तुमच्या लाल-निळ्या खुणांवरून अख्खा प्रोग्राम नव्यानं काढला. पाचही उड्या काढून टाकल्या. दोनदा विचारलेले चार प्रश्न काढले, एकोणीस राहिले. त्या एकोणिसांचे तीन कागद केले: सात, सहा, सहा. वस्तीच्या प्रश्नाला विहिरीच्या शेजारी आणलं. मग आमच्या शेजारच्या टेबलावरच्या पोरीला, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तीन कागद दिले आणि वाचायला सांगितलं. ती चहा पिता पिता वाचून मोकळी झाली आणि म्हणाली, "इतकं सोपं आहे होय हे?" मामा, या कामात मला इतका आनंद कधी झाला नव्हता. आधी कुणी माझा प्रोग्राम सोपा म्हटला असता तर मी भांडले असते.

यादी निघाली. आपलं गाव खालून वर आलं, आणि पावसाळ्यानंतर वस्तीत बोअर झाला. मायनं हापशीचा दांडा हलवला तो पहिला. हे तुम्ही पाहिलंत, मामी सांगते. पण त्यात तुमची पेन्सिल होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी नाही. सांगणारी मीच होते.

याहून वाईट पुढे आहे. आमच्या साहेबांनी ते तीन कागद पाहिले. साहेब मद्रासकडचे, कडक माणूस, सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत. म्हणाले, ही मोजायची रीत कुठून शिकलीस? माझ्या जिभेवर तुमचं नाव आलं होतं. आणि मला दिसलं, सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मी सांगणार की मंगरूळपीरचे माझे मामा, सातवी पास, वावरं मोजतात. मी म्हटलं, "कुठल्याशा मासिकात वाचलं." "कोणत्या?" "आठवत नाही, सर."

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. एका कागदावर दहाच्या वर वावरं नकोत. शब्दसुद्धा तोच राहिला, कारण मला दुसरा सुचला नाही. आता बंगाली, मद्रासी, पंजाबी, सगळे एकमेकांना विचारतात, "इसमें कितने वावर हैं?" ज्यांनी जन्मात वावरात पाय ठेवला नाही, ती माणसं दिवसभर वावर वावर करतात. रोज वाटायचं, मामाला हे ऐकवलं पाहिजे, किती हसतील! रोज वाटायचं, आज कार्ड टाकते. पण कार्ड टाकायचं तर 'मी तुमचं नाव चोरलं' हेही लिहावं लागलं असतं. म्हटलं, दिवाळीत जाऊन तोंडानं सांगीन. दिवाळीत कामाचं निमित्त काढलं.

आणि दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी एक परदेशी मासिक आणून माझ्या टेबलावर टाकलं. "हेच वाचलं होतंस ना तू?" मी उघडलं. कुणा विद्वानानं प्रोग्रामच्या वाटांचं जाळं काढून त्यातले वेढे मोजले होते. गणित मोठं होतं, पण मोजलेलं तेच होतं: कोंडलेल्या जागा. आणि शेवटी त्यानं लिहिलं होतं की हा आकडा दहाच्या वर जाऊ देऊ नये. मामा, ती ओळ मी दोनदा वाचली. समुद्रापलीकडच्या माणसानं गणितानं जिथे पाय ठेवला, तिथे तुम्ही पायी चालत, एका विधवा बाईची पट्टी चुकवून, चावडीसमोर मान खाली घालून, तीस-पस्तीस वर्षं आधीच जाऊन बसला होता! आणि साहेब वाट बघत होते. मी म्हटलं, "हो सर. हेच."

झालं. खोट्याला पक्की भिंत मिळाली. आता मला कुणी कधी विचारणार नव्हतं.

परवा मामीनं तुमची टिपणवही माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुह्या कार्डाची वाट पाहून राह्यले होते ते. म्या म्हटलं, नागपूरले पाठवून द्या ना मंग. तं म्हने, शोभीनं तपासल्याबिगर नकाशा पाठवता येत नाही." मला वाटलं, जुनी मोजणी असेल कुणाची. उघडली तर पहिल्या पानावर माझीच तेवीस वावरं! कागद तर मी नेला होता. तुम्ही ती सगळी आठवणीतून काढली होती, नंबरासकट, लाल फुल्यांसकट. एका दुपारी एक दाणा घेऊन चाललेल्या वाटा. मला माझ्याच प्रोग्रामच्या अर्ध्या वाटा आठवत नाहीत.

दुसऱ्या पानावर एकोणीस. तीच चार वजा केलेली. तिसऱ्या पानावर सोळा, चौथ्यावर चौदा. जागोजागी रबरानं खोडून कागद पातळ झालेला. आणि मग एक पान कोरं, त्यावर फक्त एक ओळ, तुमच्या ठसठशीत अक्षरात: 'मोजणी गावाची नसते. वावराची असते.' मला आधी काही बोध झाला नाही. पान उलटलं आणि मी चौरंगावरून खाली जमिनीवर येऊन बसले.

एकच कागद. नऊ वावरं.

पहिलाच प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता असा होता: 'हे पाणी कोणाला भेटते?' मी गावाचं कार्ड घेऊन बसले होते, म्हणून मला गावासाठी वेगळे प्रश्न, वस्तीसाठी तेच प्रश्न पुन्हा, तांड्यासाठी तेच तिसऱ्यांदा लिहावे लागले. तुम्ही गावच सोडून दिलं. जिथली माणसं एका ठिकाणी पाणी भरतात, ती एक जागा. गाव असो, वस्ती असो, तांडा असो, प्रत्येकीचं कार्ड वेगळं, आणि सगळ्यांनी याच नऊ वावरांतून चालायचं. तेवीस होती कशाला? कारण मी एकाच कागदावर तीन गावं एकावर एक काढली होती.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी लगेच चूक शोधायला बसले. मामीकडून तुरीचा दाणा मागून घेतला. मी दाणा सगळ्या वाटांनी चालवला. बिनविहिरीचं गाव, आटणारी विहीर, आपलं गाव, सगळं बरोबर. मग वस्तीला विहीर आहे पण पलीकडच्या तांड्याला नाही, असं गाव घेतलं. तुमच्या कागदावर तांडा आपल्या वाटेनं सुखरूप गेला. तेच गाव मी माझ्या एकोणिसांतून चालवलं, आणि दाणा जाऊन पडला 'गरज नाही'मध्ये. मामा, तीन सुबक कागद, साहेबांची शाबासकी, आणि आत अजून एक झिरा तसाच राहिला होता. पुढच्या महिन्यात दुसरी यादी निघायची आहे. तुमची वही हाती आली नसती तर ती तशीच निघाली असती.

संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. असं कसं सुचलं हो तुम्हाला? मशीन तुम्ही जन्मात पाहिलं नाही. कार्डाला भोकं पाडतात हे ऐकून तुम्ही 'म्हंजे एसटीच्या कंडक्टरसारखं' म्हणाला होता. आणि आमच्या कचेरीतल्या पाच पदवीधरांना जे दिसलं नाही ते या ओसरीवर, रबर झिजवत, एकट्यानं काढलंत. मी दिलेल्या शिवीचं उत्तर तुम्ही असं दिलंत.

एकच चूक सापडली. सांगू? तुमच्या नकाशात कार्डामागून कार्ड येतच राहतं. कार्डं संपली की थांबायचं, हे तुम्ही कुठेच विचारलेलं नाही; माझ्या आराखड्यातही एका कार्डाचीच वाट होती. मशीनला ते सांगावं लागतं, मामा. तुम्हाला कोण सांगणार होतं? सांगणारीनं कार्डाचं उत्तरच दिलं नव्हतं. मी तुमची लाल-निळी पेन्सिल घेतली आणि अगदी वरती निळ्यानं तो एक प्रश्न काढला: 'कार्डं संपली का?' एक वावर वाढलं.

आणि तेव्हा पानाच्या तळाशी लक्ष गेलं. तुमच्या सगळ्या नकाशांवर असतात तशाच दोन ओळी. 'मोजणी करणार', पुढे तुमचं पूर्ण नाव, सही. 'तपासणार', पुढे कु. शोभा, आणि सहीची जागा मोकळी.

सोमवारी मी कचेरीत जाईन ती ही वही घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि सगळ्यांसमोर सांगीन, चूक माझी आहे, दगड मीच चुकीचा लावला होता, मीच उपटते. मासिकात वाचलं नव्हतं. माझ्या मामांनी शिकवलं, आणि मी त्यांना शिवी दिली. सोपं नाही, मला ठाऊक आहे. पण चावडीपेक्षा कचेरी काही मोठी नाही.

मोकळ्या जागेत मी सही केली आहे. तुमच्या कार्डांचं उत्तर खाली लिहिते.

जयभीम मामा. तेवीसची दहा झाली. नऊ तुमची, एक माझं. एका कागदावर मावली.